हिडिंबेची लेक

"ताई, याची जात काय लिहू?"

प्रश्न साधा होता. शनिवारची दुपार, अमरावतीतल्या आमच्या कार्यालयातली सतरंजी, मध्ये वहीचे कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. भोवती वसतिगृहात राहून शिकणाऱ्या सहा मुली. समोरच्या छापील कागदावर पात्राच्या नावाखाली 'रेस' असा रकाना होता आणि मोबाईलने त्याचे मराठी 'जात' असे करून दिले होते. शाळेच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत हा रकाना जन्मभर भरत आलेल्या मुली क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग हसल्या. पण ते हसू मोकळे नव्हते.

मैत्रिणींनो, आमच्या कामाशी या खेळाचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हुंडा, मारहाण, शिक्षण सुटलेल्या मुली यांच्यासाठी काम करते. खेळ हा माझा विषय नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी जे पाहिले त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी खेळ काय आहे ते सांगते. याचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकी माणसांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. याला पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. एक जण सूत्रधार होते आणि गोष्ट सुरू करते: तुम्ही घाटातून चालला आहात, पुढे पूल तुटलेला आहे, काय करता? बाकीच्या आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमेल की नाही ते फासा ठरवतो. फाशावर पडलेल्या आकड्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा. गुण सहा: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. म्हणजे आपल्याकडे आजी पडवीत बसून गोष्ट सांगायची तशीच ही गोष्ट. फरक एवढाच की इथे ऐकणारीला मध्येच उठून 'नाही, मी तिकडे जाणार नाही' असे म्हणता येते. आमच्या गटातली अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी पुण्याला भावाकडे हा खेळ शिकून आली आणि तिने तो मराठीत खेळवायला सुरुवात केली.

पात्र कोणत्या कुळातले हे आधी ठरवायचे असते. माणूस, बुटका खाणकरी, लांब कानांचा वनवासी असे पर्याय असतात. त्यांत एक कूळ आहे 'गोलायथ'. हे राक्षसी आकाराच्या महाकाय लोकांचे दूरचे वंशज. सात ते आठ फूट उंच, डोंगरात राहणारे. खेळात ते प्रथम आले २००४ मध्ये, आणि २०२४ च्या मुख्य नियमपुस्तकात त्यांना माणसांच्या बरोबरीने जागा मिळाली. बर्फ, आग, वादळ, ढग, दगड आणि टेकडी अशा सहा महाकाय घराण्यांपैकी एकीचा वारसा त्यांना निवडता येतो. त्यांची चाल इतरांहून लांब. ओझे वाहण्याच्या हिशेबात ते एक माप मोठे धरले जातात. आणि पाचव्या पायरीला पोचल्यावर दहा मिनिटांसाठी त्यांना आणखी मोठे होता येते.

आमच्यातल्या अकोल्याच्या मुलीने हेच कूळ उचलले.

ती पाच फूट अकरा इंच आहे. खांदे रुंद, हात मोठे. पोलीस भरतीची तयारी करते. गोळाफेकीत तिची बरोबरी करणारी मुलगी तिच्या महाविद्यालयात नाही. पण तिच्या घरी तिच्या उंचीविषयी जे बोलले जाते ते आजारपणाविषयी बोलावे तसे. गेल्या दोन वर्षांत तीन स्थळे बघून गेली. एकांनी 'मुलगी थोराड वाटते' असा निरोप दिला. दुसऱ्यांनी मुलाशेजारी तिला उभे करून पाहिले आणि चहाही पुरता न पिता उठले. तिसऱ्यांच्या घरातल्या एका बाईने जाताजाता, ऐकू जाईल इतपत आवाजात, 'राक्षसीण' म्हटले. तिची आई मला म्हणाली होती, "ताई, उंच पोरीले उंच पोरगा पायजे, अन् उंच पोराचा भाव जास्त. आमी कुठून आणाव?" म्हणजे मुलीच्या हाडांची लांबीसुद्धा शेवटी हुंड्याच्या हिशेबात मोजली जाते.

त्या वेळी मी त्या आईला काय उत्तर दिले ते सांगायला मला आज लाज वाटते. मी म्हटले, "पण मुलगी हुशार आहे, नाकीडोळी नीटस आहे." मी तिची समजूत घालत होते. म्हणजे उंची हा दोष आहे हे मी गृहीत धरले होते आणि त्याच्या बदल्यात दुसरे गुण तागडीत टाकत होते. स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणारी मी, आणि माझ्याही मनातली तागडी तीच.

याच मुलीने महाकायांच्या वंशातले पात्र घेतले तेव्हा मला वाटले, ती स्वतःवरच विनोद करते आहे. मी तिला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, "नाही ताई. घरी फोटो काढाचा असला की माय म्हणते, तू खाली बस. इथं मले वाकून बसा नाही लागत. इथं सगळ्या म्हणतात, तू म्होरं हो."

मला वाटते, हा लेख या एका वाक्यासाठीच लिहिते आहे.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी सूत्रधार मुलीने गोष्टीत राक्षसांची एक टोळी आणली. ते राक्षस आहेत, म्हणजे दुष्ट आहेत, म्हणजे त्यांना मारायचे, असे सगळ्यांनी धरून चालले. फासे पडू लागले. एवढ्यात धारणीकडच्या कोरकू मुलीने आपला फासा सतरंजीवर ठेवून दिला. ती एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "मी नाही मारणार. आमच्याकडे मेघनादाची पूजा करतात. रावणाचा मुलगा आहे तो."

सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने विचारले, "म्हणजे तुम्ही राक्षसाला देव मानता?" विचारण्यात वाईट हेतू नव्हता. पण त्या मुलीचा चेहरा उतरला. मेळघाटातून शिकायला शहरात आलेल्या मुलीला असले प्रश्न नवे नसतात.

तेव्हा खेळ थांबवून आम्ही बोलत बसलो. मेळघाटात कोरकू लोक होळीनंतर मेघनादाचा सण करतात. त्यांच्या उत्पत्तीच्या गोष्टीत असे आहे की सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनंती केली, इथे माणसे घाल; तेव्हा महादेवाने वारुळाच्या लाल मातीची दोन माणसे घडवली, मुला आणि मुलाई, आणि त्यांच्यापासून कोरकू झाले. ही गोष्ट रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही नोंदलेली आहे. फार दूर कशाला, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि दसऱ्याला सगळीकडे रावण जळत असतो तेव्हा तिथे त्याची पूजा होते. अकोल्याच्या मुलीला हे ठाऊक होते, पण तिने ते कधी कुणाला सांगितले नव्हते. "लोक हासतात ना," ती म्हणाली.

म्हणजे आमच्या सहा जणींच्या गटात दोघींच्या परिसरात राक्षस हा मारायचा नसून मानायचा होता, आणि तरीही 'राक्षस म्हणजे दुष्ट' हा नियम कुणी न लिहिता लागू झाला होता. नियम असेच असतात. पुस्तकात नसले तरी डोक्यात छापलेले असतात.

या खेळाच्या पुस्तकांतही ते छापलेले होते. मी थोडे वाचले तेव्हा थक्क झाले. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीला वरून झाकण होते. माणूस असलेल्या पुरुष-पात्राला ताकदीची जी सर्वात वरची पायरी गाठता येई ती स्त्री-पात्राला बंद होती. सर्वात बुटक्या कुळात पुरुषाची कमाल ताकद १७, तर बाईची १४. ड्रॅगन उडू शकतो, मेलेला माणूस मंत्राने उठू शकतो, पण बाई पुरुषाइतकी बळकट असू शकत नाही! कल्पनेला सगळी दारे उघडी असताना हे एक दार मात्र आठवणीने लावून घेतले होते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम काढला गेला.

कुळांचेही तेच. १९९१ मध्ये या खेळाच्या एका वाळवंटी जगात अर्ध-महाकाय हे कूळ आले. त्यांना भरपूर ताकद दिली आणि त्याबरोबर बुद्धी, शहाणपण आणि छाप कमी केली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क या दांडग्या कुळाची ताकद दोनने वाढवली, बुद्धी आणि छाप दोन-दोनने घटवली. ज्याचे शरीर मोठे त्याचे डोके लहान, हा हिशेब. आपल्याला हा हिशेब अनोळखी आहे का? शेतात राबणाऱ्या बाईविषयी, डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या आदिवासी बाईविषयी, 'अंगाने काटक असतात हो, पण डोके नसते' हे आपण किती सहज ऐकतो! आणि जन्मावरून स्वभाव ठरवणे तर आपल्याकडे कायदाच होता. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी मुलगी शाळेत आली की वर्गातल्या बाकीच्या पोरी आपले दप्तर जवळ ओढतात, हे मी याच वऱ्हाडात डोळ्यांनी पाहिले आहे.

खेळ करणाऱ्यांनी पुढे नियम बदलले, हेही सांगितले पाहिजे. २०२० च्या एका पुस्तकात गुणांचे आकडे कुळाला बांधलेले न ठेवता खेळणारीने हवे तिथे लावावेत अशी मुभा दिली. २०२२ च्या डिसेंबरात 'रेस' हा शब्दच वगळण्याचे जाहीर झाले आणि २०२४ च्या पुस्तकात तो गेला. आता गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते: ती शेतकरीण होती, सैनिक होती की लेखनिक होती, यावरून. म्हणजे जन्मावरून नव्हे, केलेल्या कामावरून. एका खेळाला हे समजायला पन्नास वर्षे लागली. आपल्याला किती लागतील?

पण इथे मला माझे मत थोडे वेगळे मांडायचे आहे. नुसता रकाना पुसला की प्रश्न सुटला, असे मी मानत नाही. आमच्या कोरकू मुलीला रकाना पुसायचा नव्हता. तिला तो स्वतःच्या अक्षरात भरायचा होता. आपल्या पूर्वजांविषयीची गोष्ट दुसऱ्याने सांगितली की त्यात आपण राक्षस होतो. आपण सांगितली की त्यात आपण सातपुड्याची पहिली माणसे असतो. 'गोलायथ' हे नाव पाहा. हा बायबलमधला गल्याथ. त्याची गोष्ट दाविदाच्या बाजूच्या लोकांनी सांगितली म्हणून तो केवळ गोफणीच्या धोंड्याने पडणारा एक धिप्पाड देह उरला. त्याच्या आईने ती गोष्ट सांगितली असती तर कशी झाली असती?

आणि महाकायांच्या वंशातले पात्र आपल्याला परक्यांकडून आणायचीही गरज नाही. घटोत्कच आपलाच आहे. बाप माणूस, आई राक्षसी. पण आपण त्याची गोष्ट सांगतो ती भीमाचा मुलगा म्हणून. तिच्यात हिडिंबा किती आहे?

हिडिंबा रानात राहणारी. भाऊ तिला पाठवतो ते या माणसांना मारून आणायला. ती भीमाला पाहते, त्याच्यावर जीव जडतो आणि ती ते लपवत नाही, तोंडावर सांगते. भावाच्या धोक्याची सूचनाही देते. भाऊ मारला गेल्यावर भीम तिलाही मारायला निघतो. युधिष्ठिर त्याला आवरतो. ती कुंतीपुढे जाऊन आपली मागणी मांडते. अट ठरते की मूल होईपर्यंत भीम तिच्यासोबत राहील. मूल होते, पांडव निघून जातात आणि ती तिथेच राहते. पुढच्या एवढ्या मोठ्या महाभारतात तिला जवळजवळ जागा नाही. आम्ही ज्यांना परित्यक्ता म्हणतो आणि ज्यांच्या पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, त्यांच्या ओळीत तिला आपण कधी उभी केली का? नाही. कारण ती राक्षसी. तिला काय त्याचे!

आणि मुलगा? त्याची आठवण कामापुरती येते. गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी थकून पडते तेव्हा घटोत्कचाला बोलावतात. तो तिला उचलून नेतो, त्याचे सोबती पांडवांना वाहून नेतात. नंतर युद्धात चौदाव्या दिवसाच्या रात्री त्याला पुढे केले जाते. कर्ण अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर सोडतो. मरतामरता तो देह वाढवून शत्रूच्या सैन्यावर पडतो, म्हणजे मरणसुद्धा दुसऱ्यांच्या उपयोगी. पांडव रडत असतात तेव्हा कृष्णाला मात्र आनंद होतो, आणि तो सांगतो की हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. ज्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढले त्याच्याविषयी हे बोलणे!

खेळातही हेच होऊ लागले होते. आमच्या अकोल्याच्या मुलीच्या पात्राला ओझे जास्त वाहता येते, असा नियम. मग काय, प्रत्येक शनिवारी तंबू तिच्या पाठीवर, दोर तिच्या पाठीवर, जखमी झालेली तिच्या पाठीवर. दार फोडायचे, तू फोड. पहारा द्यायचा, तू दे. आणि राजाच्या दरबारात बोलायला जायचे असले की मात्र नाजूक कुळातली मुलगी पुढे. एक दिवस ती फासा खाली ठेवून म्हणाली, "मले कोणी विचारलं का, उचलशील का म्हणून?"

ही तक्रार खेळातली नव्हती, हे सगळ्यांना कळले. घरात जी मुलगी दांडगी, तिच्याकडे पाण्याचे हंडे, सिलिंडर, धान्याचे पोते. जी जास्त सोसते तिलाच आणखी सोसायला देतात, आणि वर म्हणतात, तिला काही होत नाही. बळकट बाईच्या बळावर सगळ्यांचा हक्क, फक्त तिचा नाही.

आणखी एक गोष्ट याच भूमीची. चिखलदऱ्याला आपण सगळ्या सहलीला जातो. लोक सांगतात की हा मुळात कीचकदरा. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले. कीचक कोण होता? राक्षस नव्हता. विराट राजाचा मेहुणा, त्याचा सेनापती. राजवाड्यात कामाला असलेल्या द्रौपदीचा त्याने पिच्छा पुरवला. राणीने, म्हणजे त्याच्या बहिणीने, निमित्त काढून तिला त्याच्या महालात पाठवले. तिने भर सभेत दाद मागितली तेव्हा सभा बघत राहिली. रानातली हिडिंबा पुरुषाकडे आपली इच्छा उघड बोलून मागते आणि महालातला कीचक बाईवर जबरदस्ती करतो. तरी आपल्या बोलण्यात शिवी उरली ती 'राक्षसीण' ही. 'कीचकीण' नव्हे, 'सेनापती' नव्हे, 'राजाचा मेहुणा' नव्हे. दुष्टपणा कुळात असतो की हातातल्या सत्तेत, याचे उत्तर चिखलदऱ्याची दरी पिढ्यान्‌पिढ्या देते आहे.

या सगळ्या बोलण्यातून मुलींनी आपले एक नवे कूळ लिहून काढले. नाव ठेवले 'हिडिंबेचे कूळ'. वहीच्या दोन पानांवर त्याचे नियम आहेत. उंची सहा फुटांपासून आठ फुटांपर्यंत. मुलींच्या उंचीला वेगळे झाकण नाही. ताकद कुळावरून मिळत नाही. पात्राने आयुष्यात काय केले त्यावरून मिळते. लाकडे वाहिली असतील तर ताकद, औषधी झाडे ओळखायला शिकली असेल तर शहाणपण, बाजारात मोहफुलांचा भाव ठरवला असेल तर छाप. कुळाची ओळख आईवरून सांगायची. या कुळातले पात्र कुणाला उचलून नेऊ शकते, पण त्याआधी तिला विचारावे लागते, आणि ती नाही म्हणाली तर फासा टाकता येत नाही. महाकाय होता येते, दहा मिनिटे. पण ते स्वतःसाठीही होता येते, केवळ दुसऱ्याला वाचवण्यासाठी नव्हे. आणि शेवटचा नियम कोरकू मुलीने सांगितला: या कुळाची मूळ गोष्ट जी खेळते तीच सांगेल, सूत्रधार ती बदलणार नाही.

मी अनेक शिबिरे घेतली आहेत. 'स्वतःच्या शरीराविषयीची प्रतिमा' या विषयावर फळ्यावर गोल काढून व्याख्याने दिली आहेत. संमतीविषयी बोलले आहे. इतका नेमका मसुदा माझ्या कोणत्याही शिबिरातून निघाला नाही.

आमच्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंचा याला विरोध आहे आणि तो मी इथे प्रामाणिकपणे मांडते. त्या म्हणतात, हा इंग्रजी शिकलेल्या, वेळ असलेल्या मुलांचा खेळ आहे. मेळघाटात बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळत नाही आणि तुम्ही फासे टाकत बसता. या खेळाने एक तरी हुंडा थांबेल का? शिवाय मुली खोट्या जगात बळकट झाल्या आणि खऱ्या जगात तशाच राहिल्या, तर हे अफूसारखेच नाही का?

त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. खेळाने हुंडा थांबणार नाही. त्यासाठी कायदा, मोर्चा, पोलीस चौकी, सगळे लागेल आणि ते काम आम्ही सोडलेले नाही. पण बाईने 'नाही' म्हणायला आधी कुठेतरी तो शब्द तोंडातून काढून पाहिलेला असावा लागतो. ज्या घरात मुलीला फोटोतसुद्धा खाली बसवतात त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच, थेट पाहुण्यांसमोर, कसा फुटेल? आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. मल्लखांबावर, मैदानावर घडलेल्या शरीराचे या गावाला कौतुक आहे. पण ते शरीर मुलीचे असले आणि ते लग्नाच्या बाजारात उभे राहिले की कौतुक संपते. मग बळ लपवायचे कसे, एवढेच तिला शिकवले जाते. त्याच्या उलट शिकवणारी एक सतरंजी आठवड्यातून तीन तास अंथरली, तर ती अफू नव्हे. ती तालीम आहे.

आणि पळवाटेचे म्हणाल तर बायकांच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, भुलाबाईची गाणी यांतही सासूची नक्कल आणि नवऱ्याची थट्टा चालतेच. जे उघड बोलता येत नाही ते खेळाच्या मिषाने बोलायची रीत बायकांनी इंग्रजी पुस्तकातून आणलेली नाही.

आता अकोल्याच्या मुलीचे काय झाले ते सांगते. दिवाळीनंतर तिच्यासाठी एक स्थळ आले. मुलगा बिजवर, वयाने चौदा वर्षांनी मोठा, पण उंच. घरच्यांना हायसे वाटले. त्यांनी जवळजवळ होकार कळवला होता. हिने पाहुणे यायच्या आधीच आईवडिलांना सांगितले की भरतीची मैदानी चाचणी होईपर्यंत मी कुणासमोर बसणार नाही. वडील चिडले. दोन दिवस घरात कुणी तिच्याशी बोलले नाही. मग आईने मला फोन केला. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. आई म्हणाली, "ताई, तिनं आवाज नाही चढवला. उभी राहून सांगितलं फक्त. मले तं ती एकदम मोठी दिसली."

स्थळ थांबले आहे, मोडलेले नाही. भरतीत ती निवडली जाईल की नाही, कोण सांगणार? वडील अजून मोकळेपणी बोलत नाहीत. म्हणून ही यशाची गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या खेपेला त्या आईशी बोलताना मी 'पण मुलगी हुशार आहे' असे म्हटले नाही. म्हटले, "मुलगी उंच आहे." आणि तिथेच थांबले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात अशी एखादी उंच, थोराड, दांडगी मुलगी असेलच. ती कुठल्या फोटोत खाली बसली आहे ते एकदा पाहा. आणि पुढच्या फोटोच्या वेळी तिला विचारा, उभी राहतेस का? उचलशील का, हे मात्र लगेच विचारू नका.